गोंगाटातून एक आवाज

कानाच्या पडद्याला माणसं कळत नाहीत. त्याला कळतो फक्त हवेचा दाब, कमी झालेला किंवा वाढलेला. लग्नाच्या हॉलमध्ये अक्षता पडून गेल्यावर जो कल्ला उठतो तो आठवून पाहा. स्पीकरवर सनई चालू असते, पंगतीत ताटं खणखणत असतात, फोटोग्राफर नवऱ्याकडच्या मंडळींना स्टेजवर बोलावत असतो, कुणाचं तरी पोर रडत असतं. आणि शेजारच्या खुर्चीवरचे मामा जमिनीच्या व्यवहाराचं सविस्तर सांगत असतात. हे सगळे आवाज हवेतच एकमेकांत मिसळतात. पडद्यापाशी पोचेपर्यंत त्यांची एकच वेडीवाकडी लहर झालेली असते. त्या लहरीवर कुठेही लिहिलेलं नसतं की एवढा भाग मामांचा आणि एवढा सनईचा. तरी मामांचं वाक्य आपल्याला सलग ऐकू येतं, आणि यात काही विशेष घडलं असं आपल्याला वाटतही नाही.

हे किती अवघड आहे ते मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट ब्रेगमन यांनी एका कल्पनेतून समजावलं होतं. तळ्याच्या काठावर शेजारी शेजारी दोन अरुंद चर खणायचे आणि तळ्याचं पाणी त्यांत येऊ द्यायचं. प्रत्येक चरात एक रुमाल आडवा ताणून बांधायचा. मग तळ्याकडे पाठ करून फक्त ते दोन रुमाल कसे हलतात ते बघायचं आणि सांगायचं, की तळ्यात किती होड्या आहेत, कुठली जवळ आहे, वारा सुटलाय का, पाण्यात आत्ता काही पडलं का. अशक्य वाटतं ना? आपले दोन कान जन्मभर हेच करत असतात.

मेंदू त्यासाठी मिळेल तो धागा पकडतो. पुरुषाचा आवाज साधारण सेकंदाला शंभर-सव्वाशे कंपनांचा, बाईचा दोनशेच्या आसपासचा. म्हणून एकाच पट्टीतली कंपनं एका माणसाच्या खाती जमा होतात. डावीकडून आलेला आवाज डाव्या कानाला किंचित आधी पोचतो. हा फरक जास्तीत जास्त सेकंदाच्या दीड हजाराव्या भागाएवढा असतो, आणि चांगला ऐकणारा माणूस सेकंदाच्या एक लाखाव्या भागाएवढा फरकही टिपू शकतो. शिवाय प्रत्येकाच्या बोलण्याला आपली लय असते. सेकंदाला चार-पाच अक्षरं या गतीनं बोलणं चढतं, उतरतं, आणि मेंदूतल्या विद्युत लहरी त्या चढउतारांच्या तालावर येतात.

आवाज वेगळे झाले, तरी त्यातला एक निवडायचा असतोच. हा प्रश्न पहिल्यांदा नीट मांडला तो कॉलिन चेरी यांनी, १९५३ मध्ये. त्या काळी विमानतळाच्या कंट्रोल टॉवरमध्ये अनेक वैमानिकांचे आवाज एकाच स्पीकरमधून एकदम यायचे आणि त्यातून आपल्या विमानाचा आवाज पकडणं नियंत्रकांना फार जड जायचं. चेरी यांनी माणसांना हेडफोन लावले. एका कानात एक मजकूर, दुसऱ्या कानात दुसरा. एका कानातलं जसं ऐकू येईल तसं लगोलग मोठ्यानं म्हणत जायचं, एवढंच काम. माणसांना ते जमलं. मग त्यांना विचारलं, दुसऱ्या कानात काय चाललं होतं? बाईचा आवाज होता की पुरुषाचा, हे सांगता आलं. पण काय बोलणं चाललं होतं ते नाही. त्या कानातली भाषा मध्येच इंग्रजीची जर्मन झाली, तेही लक्षात आलं नाही. मजकूर उलटा वाजवला, तेव्हा एखाद्यालाच काहीतरी विचित्र वाटलं. आवाज कानात शिरला होता, कानाच्या नसेतून वर गेला होता, पण त्याची भाषा झालीच नव्हती.

मला या साऱ्या विषयातली सगळ्यात विलक्षण गोष्ट वाटते ती यानंतरची. १९५९ मध्ये नेव्हिल मोरे यांनी त्या दुर्लक्षित कानात ऐकणाऱ्याचं नाव घातलं. साधारण तिघांतल्या एकानं ते ऐकलं, बाकीच्यांना आपलंच नाव ऐकू आलं नाही. अ‍ॅन ट्रीझमन यांनी याचा अर्थ असा लावला, की दुर्लक्षित आवाज मेंदू पूर्ण तोडत नाही, फक्त दाबतो. आणि स्वतःच्या नावासारखा अत्यंत ओळखीचा शब्द दबलेल्या अवस्थेतही वर येऊ शकतो. बरोबर. पण मग तिघांतल्या एकालाच का?

याचं उत्तर २००१ मध्ये अँड्र्यू कॉनवे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शोधलं. त्यांनी आधी माणसांची कार्यरत स्मृती मोजली. म्हणजे गणितं सोडवता सोडवता शब्दांची एक यादीही डोक्यात धरून ठेवायची, अशा प्रकारची चाचणी. मग हाच नावाचा प्रयोग केला. ज्यांची ही स्मृती कमी पडत होती त्यांच्यातल्या ६५ टक्क्यांना नाव ऐकू आलं. ज्यांची उत्तम होती त्यांच्यातल्या फक्त २० टक्क्यांना. अंदाज केला असता तर आपण बहुतेक उलटाच केला असता. स्वतःचं नाव ऐकणारा तल्लख, असं मनाला वाटतं. पण हाती घेतलेल्या आवाजाला घट्ट धरून ठेवणारा मेंदू बाकी सारं इतकं दाबतो की त्यात स्वतःचं नावही बुडतं. हाका मारूनही ओ न देणारं, पुस्तकात बुडालेलं मूल आठवा. त्याला उद्धट म्हणण्याआधी हे आकडे डोळ्यांसमोर आणावेत.

आणि जे मेंदू इतकं घट्ट धरत नाहीत त्यांना काही मिळतंच. २०१२ मध्ये पॉली डाल्टन आणि निक फ्रेंकेल यांनी एक ध्वनिमुद्रण तयार केलं. त्यात दोन बाया आपसांत बोलताहेत, दोन पुरुष आपसांत बोलताहेत, आणि मध्येच एक माणूस एकोणीस सेकंद ‘मी गोरिला आहे’ असं पुन्हा पुन्हा म्हणत त्या खोलीतून जातो. ज्यांना बायकांचं बोलणं ऐकायला सांगितलं होतं त्यांच्यातल्या सत्तर टक्के लोकांना हा गोरिला ऐकूच आला नाही. पुढे अ‍ॅना रेमिंग्टन आणि जेक फेअर्नी यांनी हीच चाचणी ऑटिझम असलेल्या प्रौढांवर केली. त्यांच्यातल्या बऱ्याच जास्त जणांनी गोरिला टिपला, आणि सांगितलेलं कामही सोडलं नाही. ऑटिझम असलेलं मूल गजबजलेल्या ठिकाणी कानांवर हात ठेवतं, ते बघून आपण त्याच्यात काय कमी आहे याचा विचार करतो. या प्रयोगातून दिसतं की त्याच्यापर्यंत कदाचित आपल्यापेक्षा जास्त जग पोचत असावं, आणि जास्त पोचण्याचाच त्याला त्रास होत असावा.

निवड होताना मेंदूत काय घडतं, हे प्रत्यक्ष पाहता आलं ते सॅन फ्रान्सिस्कोत. एपिलेप्सीच्या काही रुग्णांच्या मेंदूवर शस्त्रक्रियेपूर्वी काही दिवस इलेक्ट्रोड ठेवावे लागतात, झटका कुठून सुरू होतो ते कळण्यासाठी. नीमा मेसगरानी आणि एडवर्ड चँग यांनी अशा रुग्णांच्या संमतीनं त्यांना एकाच वेळी दोन माणसांचं बोलणं ऐकवलं आणि त्यातल्या एकाकडे लक्ष द्यायला सांगितलं. कानशिलाच्या आतल्या बाजूच्या श्रवणभागात जे उमटत होतं त्यावरून त्यांनी संगणकाद्वारे आवाज पुन्हा उभा केला. तिथे दोघांचं मिश्रण नव्हतंच. ज्याच्याकडे लक्ष होतं, जवळजवळ त्या एकट्याचंच बोलणं होतं. एखाद्या वेळी रुग्णाचं लक्ष चुकून दुसऱ्याकडे गेलं, तर तेही त्या नोंदीत दिसत होतं. २०१२ मध्ये हे ‘नेचर’मध्ये छापून आलं. दुसऱ्याचं ऐकणं असं बाहेरून पाहता येतं, हे वाचून मी थक्क झालो.

पण एवढंही पुरत नाही. गोंगाटात शब्दांचे तुकडे गळतातच, आणि ते मेंदू स्वतः भरतो. रिचर्ड वॉरन यांनी १९७० मध्ये एका ध्वनिमुद्रित वाक्यातला एक ध्वनी कापून काढला आणि त्या जागी खोकल्याचा आवाज टाकला. ऐकणारे वीस जण होते. एकोणीस जण म्हणाले, वाक्य पूर्ण होतं. मराठीत कल्पना करून बघा. शब्दाचं पहिलं व्यंजन खोकल्याखाली गेलं, उरलं फक्त ‘-आत’. पुढचा शब्द ‘शिजला’ असेल तर तुम्ही भात ऐकाल. ‘किडला’ असेल तर दात, ‘विझली’ असेल तर वात. गंमत अशी, की ज्यावरून हा निर्णय झाला तो शब्द नंतर आला आहे. तरी आपल्याला वाटतं, भात आपण आधीच स्पष्ट ऐकला होता. मेंदू थोडा थांबला, पुढचं ऐकलं, मागे जाऊन गाळलेली जागा भरली, आणि यातलं काहीच आपल्याला कळू दिलं नाही.

ही भरती करायला भाषा अंगात मुरलेली असावी लागते. लिन मेयो आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये दाखवलं की मोठेपणी दुसरी भाषा शिकलेली माणसं शांत खोलीत ती भाषा छान समजू शकतात, पण गोंगाट वाढवत नेला तर त्यांची समज लवकर कोसळते. लहानपणापासून ती भाषा बोलणाऱ्यांची तितकी लवकर नाही. दहावीपर्यंत मराठीतून शिकलेली मुलगी इंजिनिअरिंगला जाते. वर्गात साठ-सत्तर मुलं, डोक्यावर घरघरणारे पंखे, खिडकीबाहेर रस्ता, आणि इंग्रजीतलं लेक्चर. तिच्या परीक्षेच्या वहीत चांगलं इंग्रजी असतं आणि तरी मागच्या बाकावर बसून तिला निम्मंच कळतं. हा तिच्या बुद्धीचा दोष नाही, तिच्या इंग्रजीचाही नाही. गळलेले तुकडे भरायला तिच्या मेंदूला जो जास्तीचा वेळ लागतो, तेवढ्यात पुढचं वाक्य निघून गेलेलं असतं.

म्हातारपणी वेगळ्याच जागी गळती लागते. कानाच्या डॉक्टरांकडे रोज कुणीतरी म्हणतं, ‘ऐकू येतं हो, पण बोललेलं समजत नाही.’ घरच्यांना ते बहाणा वाटतं. पण शेरॉन कुजावा आणि चार्ल्स लिबरमन यांनी २००९ मध्ये उंदरांना दोन तास मोठा आवाज ऐकवला. काही दिवसांनी त्यांची ऐकण्याची क्षमता चाचणीत पूर्ववत झाली होती. तरीसुद्धा कानातल्या आवाज टिपणाऱ्या केसपेशी आणि नस यांना जोडणारे सांधे मोठ्या प्रमाणात कायमचे गेले होते. वयाबरोबर माणसाच्या कानातलेही असे सांधे कमी होत जातात, हे नंतर मृत्यूपश्चात केलेल्या तपासणीत दिसलं. शिवाय वयामुळे आधी जातात ते उंच पट्टीचे आवाज, म्हणजे नेमके ‘स’, ‘ट’, ‘क’ यांसारखी व्यंजनं. स्वर कानावर पडतात, म्हणून ‘ऐकू येतं’. व्यंजनं निसटतात, म्हणून ‘समजत नाही’. म्हणजे अशी तक्रार करणारे आजोबा अगदी अचूक बोलत असतात.

याच्या दुसऱ्या टोकाला काही अंध माणसं आहेत. फोनवरचा वाचून दाखवणारा आवाज ती इतक्या वेगानं ऐकतात की शेजारच्याला ती नुसती भिरभिर वाटते. जर्मनीतल्या ट्युबिंगेनच्या संशोधकांनी ते मोजलं. डोळस माणूस सेकंदाला साधारण आठ अक्षरांच्या पुढे समजून घेताना अडखळतो; सराव असलेल्या अंध व्यक्ती बावीसपर्यंत जातात. त्या वेळी त्यांच्या मेंदूचा मागचा भाग, जो डोळस माणसात पाहण्याचं काम करतो, तोही बोलण्यावर काम करताना आढळला. दिसण्यासाठी राखलेली जागा त्या मेंदूनं भाषेला देऊन टाकली होती.

तेव्हा एकाच हॉलमध्ये, एकाच सनईच्या आवाजात बसलेली माणसं एकच गोष्ट ऐकत नसतात. पुस्तकातलं मूल, कानांवर हात ठेवणारं मूल, मागच्या बाकावरची मुलगी, आजोबा, यांपैकी कुणीही ‘लक्ष देत नाही’ असं म्हणण्यासारखं वागत नाही. प्रत्येकाचा मेंदू त्याच लहरीतून आपापल्या ऐपतीप्रमाणे भाषा वेगळी काढतो आहे.

आणि त्यांना मदत करणं सोपं आहे. विल्यम सम्बी आणि अर्विन पोलॅक यांनी १९५४ मध्येच दाखवून दिलं होतं की गोंगाटात बोलणाऱ्याचा चेहरा दिसत असेल, तर कळणाऱ्या शब्दांचं प्रमाण खूप वाढतं. गोंगाट जितका जास्त, तितका ओठ दिसण्याचा उपयोग जास्त. म्हणून घरातल्या थोरांशी बोलायचं असेल तर दुसऱ्या खोलीतून ओरडू नका. टीव्ही बंद करा, त्यांच्या समोर उजेडात बसा, त्यांना तुमचा चेहरा दिसू द्या आणि जरा सावकाश बोला. वर्ग तुमच्या हातात असेल तर त्या मुलीला पुढच्या बाकावर बोलवा, आणि फळ्याकडे तोंड करून शिकवू नका.