बांगड्याचा ताप

मिरकरवाडा बंदरात होडी नुकतीच धक्क्याला लागली आहे. खलाशी हातोहात बांगड्याचे क्रेट वर देताहेत, पलीकडे लिलावाचा गलका चढलाय. या धांदलीत कुणी प्रशिक्षण घेईल असं वाटत नाही. असले वर्ग म्हणजे एरवी बॅनर, पुष्पगुच्छ आणि चहा-बिस्किटं. इथे गमबूट घातलेली एक मुलगी थेट क्रेटपाशी उकिडवी बसली आहे. शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयात शिकलेली, इथलीच.

वरच्या थरातला बांगडा उचलून ती थर्मामीटरची सुई पाठीच्या जाड मांसात, काट्याला टेकेपर्यंत खुपसते. आकडा चढत चढत 19 वर थांबतो. मग तळाशी बर्फात दबलेला दुसरा बांगडा : 3. दोघांचे डोळे टवटवीत, कल्ले लालभडक.

"मग फरक काय पडला, मॅडम?" तांडेल विचारतो.

"वास येईपर्यंत थांबलात तर फार उशीर होतो, काका."

बांगडा, कुपा असे मासे उबेत राहिले की जिवाणू त्यांच्या मांसात हिस्टामिन तयार करतात. खाणाऱ्याचा चेहरा लाल होतो, अंगावर पुरळ उठतं, डोकं ठणकतं. तळा, उकळा, डब्यात भरा, ते जात नाही. युरोपला जाणाऱ्या मालातून नऊ नमुने काढतात. त्यांची सरासरी किलोमागे 100 मिलिग्रॅमच्या वर गेली तर माल नापास. 1997 च्या ऑगस्टमध्ये युरोपीय संघाने भारतातून येणारी मासळी बंद केली होती, ती मासळी प्रक्रियेच्या कारखान्यांतली अस्वच्छता पाहून. कारखाने त्यानंतर पुष्कळ सुधारले. पण प्रयोगशाळा कितीही भारी आणली तरी ती होडीवर काय घडून गेलं एवढंच सांगणार. आणि मंडईतल्या पाटीला तर कुणी सुई लावायलाही जात नाही. आपण कल्ला उचलून बघतो आणि घरी येतो.

मुलगी आता रिकाम्या क्रेटमध्ये थर लावून दाखवते आहे. तळाला फोडलेला बर्फ, त्यावर मासे, पुन्हा बर्फ. "आपल्याकडच्या उन्हात माशाइतकाच बर्फ हवा."

"मग मासा ठेवायचा कुठे? डोक्यावर?" एक खलाशी म्हणतो आणि हशा पिकतो. तिलाही हसू आवरत नाही, पण सुई पुढे करून ती त्यालाच माप घ्यायला लावते. तो बिचकत टोचतो, आकडा मोठ्याने वाचतो, मग न सांगता शेजारच्या क्रेटकडे वळतो.

तांडेल मात्र हिशेबावर अडून बसलाय. "बर्फ घातलेल्याला आणि न घातलेल्याला भाव एकच. लादीचे पैसे कोण देणार?"

सगळे खरेदी करणाऱ्या एजंटाकडे बघतात. तो मोबाइल खिशात टाकतो. "कंपनीने दर वाढवला तर मी देईन की!"

"कंपनीला विचारलंत कधी?" मुलगी विचारते, आणि वहीत तीनचा आकडा टिपून पुढच्या होडीकडे निघते.