पहिल्या प्रेमाचा दुसरा भाग

'टाइमपास' मालिका (दिग्दर्शक : रवी जाधव)

- टाइमपास : ३ जानेवारी २०१४. दगडू – प्रथमेश परब, प्राजक्ता – केतकी माटेगावकर. संगीत चिनार-महेश.
- टाइमपास २ : १ मे २०१५. तरुण वयातील जोडी : प्रियदर्शन जाधव, प्रिया बापट.
- टाइमपास ३ : २९ जुलै २०२२. प्रथमेश परब, हृता दुर्गुळे. कथा पहिल्या दोन भागांच्या मधल्या काळातली.

फ्रान्समधील 'ला बूम' (दिग्दर्शक : क्लोद पिनोतो)

- ला बूम : १९८०. नायिका व्हिक, वय १३. भूमिकेत सोफी मार्सो. हा तिचा पहिला चित्रपट.
- ला बूम २ : १९८२. व्हिक आता १५ वर्षांची. नवा नायक फिलिप – पियेर कोसो.
- दोन्ही भागांचे संगीत व्लादिमीर कोस्मा यांचे.
- दुसऱ्या भागासाठी मार्सोला १९८३ मध्ये नवोदित अभिनेत्रीचा सेझार पुरस्कार.

मुख्य फरक

- 'ला बूम २' : नायिका आणि अभिनेत्री तीच, प्रियकर नवा.
- 'टाइमपास २' : प्रेमी तेच, कलाकार नवे, मध्ये अनेक वर्षे लोटलेली.
- 'ला बूम' : दोनच भाग. 'टाइमपास' : तीन.