लहानपणी झाडूसाठी हट्ट, मोठेपणी कंटाळा: असं का होतं?

दोन वर्षांचं पोर आईच्या हातातला झाडू ओढून घेतं. तेच बारा वर्षांचं झालं की "आलोच पाच मिनिटांत" म्हणत मोबाईलमध्ये घुसतं. मधे काय बिघडतं?

फेलिक्स वार्नेकेन आणि मायकेल टोमासेलो या संशोधकांनी 2006 मध्ये दाखवलं, की दीड वर्षांची मुलंही कुणी न सांगता पडलेली वस्तू उचलून देतात. 2008 च्या प्रयोगात, मदतीबद्दल बक्षीस मिळालेली मुलं नंतर कमी मदत करू लागली. आपण घरी आणखी एक करतो. लहानपणी "राहू दे, पसारा करशील" म्हणून झाडू काढून घेतो आणि दहा वर्षांनी तोच हुकूम म्हणून हातात देतो. (मुलींच्या हातात जरा लवकरच.)

मोठ्यांचंही असंच असतं. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या एका पिढीने लहानपणी, 1972 च्या दुष्काळात, मोठ्यांना खडी फोडताना पाहिलं. ते काम पोटासाठी होतं. याच जिल्ह्यातल्या हिवरे बाजारमध्ये 1989 मध्ये पोपटराव पवार सरपंच झाले. त्यानंतर गावकऱ्यांनी श्रमदानातून डोंगरावर चर खणले, झाडं लावली. सरकारी योजनांचा पैसाही होता, फुकटात सगळं झालं नाही. पण कुदळ तीच असली तरी चरात अडलेलं पाणी आता त्यांच्याच विहिरींत उतरणार होतं.