ड्रायव्हर अडकला म्हणून फॉरमॅट मारू नका

घरचा संगणक : लेखांक ९

ग्राफिक्स कार्डाचा नवा ड्रायव्हर टाकायला घ्यावा, पट्टी अर्ध्यापर्यंत सुरळीत सरकावी आणि मग तिथेच ठाण मांडून बसावी, हा अनुभव घरी संगणक वापरणाऱ्या अनेकांना कधी ना कधी येतो. पुढचं सगळं ठरलेलं असतं. थोडा वेळ वाट पाहायची, ‘कॅन्सल’ दाबायचं, त्याने काही होत नाही म्हणून पॉवरचं बटण दाबून धरायचं, पुन्हा तीच फाइल चालवायची आणि पुन्हा त्याच जागी अडकायचं. शेवटी दुरुस्तीवाल्याला फोन जातो. तिकडून उत्तर येतं, ‘आणून ठेवा, फॉरमॅट मारून देतो.’

हा सल्ला मला मनापासून खटकतो. फॉरमॅटमध्ये सी ड्राइव्ह पुसला जातो आणि आपल्या घरांतलं जे काही मोलाचं असतं ते बहुतेक तिथेच असतं. डेस्कटॉपवर ठेवलेले लग्नाचे फोटो तिथेच, मुलांचे प्रकल्प तिथेच. टॅलीप्राइम टाकताना जागा बदलली नसेल तर दुकानाचा सगळा हिशेबही सी ड्राइव्हवरच साठतो. एका ड्रायव्हरपायी एवढं पणाला लावायचं काही कारण नाही. अडकलेलं इन्स्टॉलेशन बहुतेक वेळा कशाची तरी वाट पाहत असतं. ते कशासाठी थांबलंय एवढं शोधलं की निम्मं काम झालं.

त्यासाठी पट्टीमागे काय चालतं ते आधी पाहू. इन्स्टॉलर पहिल्यांदा स्वतःतल्या दाबून भरलेल्या फाइली मोकळ्या करतो. एनव्हिडियाच्या त्या सी ड्राइव्हवरच्या ‘एनव्हिडिया’ नावाच्या फोल्डरमध्ये जातात, एएमडीच्या ‘एएमडी’ नावाच्या. मग विंडोज त्या ड्रायव्हरची डिजिटल सही तपासतं आणि त्याची प्रत आपल्या कोठारात ठेवतं. या कोठाराला ‘ड्रायव्हर स्टोअर’ म्हणतात. त्यानंतर जुना ड्रायव्हर उतरवून नवा चढवला जातो. २००७ साली व्हिस्टा आलं तेव्हापासून हा बदल संगणक चालू असतानाच करता येतो. म्हणून याच वेळी पडदा काळा होतो, लुकलुकतो, अक्षरं एकदम मोठी दिसू लागतात. यात घाबरण्यासारखं काही नाही. सर्वांत शेवटी ड्रायव्हरसोबतची इतर सॉफ्टवेअरं येतात : आवाजाचा ड्रायव्हर, खेळांसाठीचं अ‍ॅप, सेटिंगचं पॅनेल.

काळा झालेला पडदा बराच वेळ परतलाच नाही, तर कीबोर्डवर विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही चार बटणं एकदम दाबा. विंडोज ग्राफिक्स ड्रायव्हर तेवढा नव्याने सुरू करतं, उघड्या फाइलींना धक्का लागत नाही. पॉवरच्या बटणाकडे हात जाण्याआधी हे जरूर करून पाहा.

काम खरंच थांबलंय की नुसतं संथ चाललंय, हे टास्क मॅनेजर सांगतो. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप दाबून तो उघडा. ‘डिटेल्स’ या भागात ‘डीआरव्हीइन्स्ट’ किंवा ‘एमएसआयएक्झेक’ ही नावं दिसत असतील आणि डिस्कचा आकडा हलत असेल, तर हात लावू नका. जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवर अर्धा तास गेला तरी मी त्याला अडकलं म्हणणार नाही. आकडे अगदी शांत असतील तर आल्ट आणि टॅब दाबून उघड्या खिडक्या चाळा. ‘या कंपनीचं सॉफ्टवेअर टाकू का?’ असं विचारणारी विंडोजची चौकट इन्स्टॉलरच्या मागे लपलेली असू शकते. तिला उत्तर मिळेपर्यंत पुढचं सगळं थांबतं.

चौकटही नसेल, तर रांगेचा संशय घ्यायचा. विंडोजचा इन्स्टॉलर बँकेच्या एकाच खिडकीसारखा आहे, एका वेळी एकाचंच काम घेतो. दुसऱ्याने मध्येच हात घातला तर ‘दुसरं इन्स्टॉलेशन आधीच चालू आहे’ असा १६१८ क्रमांकाचा निरोप येतो. हा निरोप पडद्यापर्यंत पोचेलच असं नाही. पुष्कळदा त्या खिडकीवर विंडोज अपडेट बसलेलं असतं. नवं कार्ड लावून संगणक चालू केला आणि इंटरनेट जोडलेलं असलं, की विंडोज अपडेट न विचारता आपल्याकडचा ड्रायव्हर आणू लागतं. त्याच वेळी आपण हाताने दुसरा टाकायला घेतो. दोघंही एकाच कार्डावर काम करतात आणि दोन्ही कामं अर्धवट राहतात. म्हणून ड्रायव्हर टाकायच्या आधी सेटिंगमध्ये जाऊन अपडेट एक आठवडा थांबवा आणि चालू असलेलं अपडेट पूर्ण होऊ द्या. आधीच्या अपडेटने रीस्टार्ट मागितला असेल तर तो टाळू नका.

हा रीस्टार्ट म्हणजे खरोखर ‘रीस्टार्ट’च हवा. विंडोज आठपासून ‘फास्ट स्टार्टअप’ नावाची सोय आली आहे. ती चालू असेल तर ‘शट डाउन’ केल्यावरही विंडोजचा गाभा ड्रायव्हरांसकट डिस्कवर साठवून ठेवला जातो आणि सकाळी तसाच परत उचलला जातो. रात्री शट डाउन करून बटण बंद केलं, तरी आतला गोंधळ जसाच्या तसा राहतो. रीस्टार्टमध्ये मात्र सगळं नव्याने सुरू होतं. कितीतरी अडकलेले ड्रायव्हर एवढ्यानेच मार्गी लागतात.

तरीही अडतंय? मग नोंदवही उघडा. मला वाटतं, दुरुस्तीच्या सगळ्या प्रकारांत हीच पायरी सर्वांत जास्त वगळली जाते. सी ड्राइव्हवर ‘विंडोज’, त्यात ‘आयएनएफ’ आणि त्यात ‘सेटअपएपीआय डॉट डेव्ह’ नावाची लॉग फाइल असते. नोटपॅडमध्ये उघडा आणि थेट शेवटी जा. प्रत्येक इन्स्टॉलेशनचा वेगळा तुकडा असतो. तो >>> या खुणेने सुरू होतो आणि <<< या खुणेने संपतो. सुरुवातीजवळ तारीख-वेळ असते आणि अखेरच्या ओळीत निकाल. मधल्या ओळींत एक उद्गारचिन्ह असेल तर ती सूचना, लागोपाठ तीन असतील तर ती चूक. निकालात ‘सक्सेस’ असेल तर ड्रायव्हर मुळात नीट बसलाय आणि अडकलंय ते सोबतचं अ‍ॅप. त्यासाठी जीव टाकायची गरज नाही. ‘फेल्युअर’ असेल तर कंसातल्या आकड्याची शेपटी वाचा. ५ म्हणजे परवानगी नाकारली, मग अँटिव्हायरसकडे पाहायचं. २ म्हणजे फाइल सापडली नाही, म्हणजे डाउनलोड अर्धवट असण्याची शक्यता. ७० म्हणजे डिस्क भरली. इतकं स्पष्ट लिहिलेलं असताना आपण अंदाजाने फॉरमॅट करतो, याचं मला वाईट वाटतं.

अ‍ॅपच अडकत असेल, तर इन्स्टॉलरला बाजूला ठेवूनही काम होतं. त्याने फाइली आधीच मोकळ्या केलेल्या असतात. डिव्हाइस मॅनेजर उघडा, ‘डिस्प्ले अ‍ॅडॉप्टर्स’खाली कार्डावर राइट क्लिक करा, ‘अपडेट ड्रायव्हर’ निवडा आणि इंटरनेटवर शोधायला न सांगता तो मोकळा झालेला फोल्डर दाखवा. नुसता ड्रायव्हर बसतो, बाकीचा पसारा येत नाही. घरगुती वापराला तेवढा पुरेसा असतो.

आता एक वेगळं प्रकरण, कारण ते आपल्याकडच्या स्वस्त डेस्कटॉपांत हमखास भेटतं. एनव्हिडियाचं जीटी ७३० हे कार्ड २०१४ साली आलं. या एकाच नावाखाली दोन वेगळ्या पिढ्यांच्या चिप विकल्या गेल्या, जुनी फर्मी आणि तिच्यानंतरची केप्लर. फर्मीसाठीचा विंडोजवरचा शेवटचा ड्रायव्हर ३९१.३५, मार्च २०१८चा. केप्लरची वाट ४७० मालिकेपाशी संपली. खोक्यावर दोन्हींचं नाव सारखंच, त्यामुळे माणूस नवा ड्रायव्हर उतरवतो आणि तो ‘जुळणारं कार्ड सापडलं नाही’ म्हणून नकार देतो. कितीही वेळा चालवला तरी उत्तर तेच येणार.

चिप कोणती ते डिव्हाइस मॅनेजरमध्येच कळतं. कार्डाच्या ‘प्रॉपर्टीज’मध्ये ‘डिटेल्स’ आणि तिथे ‘हार्डवेअर आयडीज’ निवडा. पहिला आकडा कंपनीचा : १०डीई म्हणजे एनव्हिडिया, १००२ म्हणजे एएमडी, ८०८६ म्हणजे इंटेल. (१९७८च्या आपल्या प्रसिद्ध प्रोसेसरचा आकडा इंटेलने ओळखक्रमांकातही ठेवला आहे.) दुसरा आकडा चिपचा. जीटी ७३०मध्ये तो ०एफ०२ असेल तर फर्मी, १२८७ असेल तर केप्लर. त्याप्रमाणे ड्रायव्हर निवडा.

वापरलेलं कार्ड घेतलं असेल तर आणखी एक शंका फेडून घ्या. जुन्या फर्मी चिपवर नव्या कार्डाचं नाव चढवून ती विकण्याचे प्रकार सर्रास झालेले आहेत. अशा कार्डावर ड्रायव्हर कधीच धड बसत नाही. ‘जीपीयू-झेड’ हे मोफत सॉफ्टवेअर २०१८पासून अशी कार्डं ओळखतं आणि नावाआधी ‘फेक’ असं छापतं.

कार्ड खरं, ड्रायव्हर बरोबर, रांग मोकळी, आणि तरीही काम अडत असेल, तर जुन्या ड्रायव्हरांचे अवशेष साफ करावे लागतात. त्यासाठी ‘डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर’ हे मोफत साधन आहे, एएमडीचं स्वतःचं क्लीनअप साधनही आहे. नवा ड्रायव्हर आधीच उतरवून ठेवा, रीस्टोअर पॉइंट बनवा, इंटरनेटची वायर काढा किंवा वायफाय बंद करा. नाहीतर साफसफाई होताच विंडोज अपडेट पुन्हा मध्ये घुसेल. मग शिफ्ट दाबून धरून ‘रीस्टार्ट’वर क्लिक करा, ‘ट्रबलशूट’मधून ‘स्टार्टअप सेटिंग्ज’पर्यंत जा आणि ४ दाबून सेफ मोडमध्ये शिरा. तिथे साफ करा, नेहमीच्या विंडोजमध्ये परत या आणि ड्रायव्हर टाका. एनव्हिडियाच्या इन्स्टॉलरमध्ये ‘कस्टम’ निवडून ‘क्लीन इन्स्टॉलेशन’ची खूण केली तरी सौम्य साफसफाई होते. आधी तीच करावी, असं माझं मत आहे.

सेफ मोडबद्दल कळकळीने एक इशारा. हल्लीच्या पुष्कळ लॅपटॉपांत डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद असते आणि या वाटेने जाताना ४८ आकडी रिकव्हरी की मागितली जाऊ शकते. ती सहसा मायक्रोसॉफ्टच्या खात्यात साठवलेली असते. आधी फोनवरून ते खातं उघडा, की कागदावर उतरवून घ्या आणि मगच पुढे जा. खात्याचा पासवर्डही हाताशी ठेवा, कारण सेफ मोडमध्ये पिन चालेलच याचा भरवसा नसतो.

लॅपटॉपवाल्यांनी ड्रायव्हर आधी लॅपटॉपच्या कंपनीच्या साइटवरून घ्यावा. इंटेलचा सर्वसाधारण ड्रायव्हर काही लॅपटॉपांवर ‘या संगणकासाठी तपासलेला नाही’ म्हणून परत फिरतो. डेस्कटॉपवाल्यांनी खोकं उघडून कार्डाची वीजजोडणी घट्ट आहे का ते पाहावं, आणि मॉनिटरची वायर कार्डालाच लावलीय ना, मदरबोर्डाला नाही, याची खात्री करावी.

ड्रायव्हर चढत असताना वीज गेली तर? गावाकडे आणि पावसाळ्यात हे नेहमीचंच, म्हणून यूपीएस असेल तरच हे काम काढावं. पण तशी वेळ आलीच तर हबकून जाऊ नका. कार्डाचा ड्रायव्हर नसला तरी विंडोज स्वतःच्या ‘बेसिक डिस्प्ले अ‍ॅडॉप्टर’वर पडदा चालवतं. चित्र ओबडधोबड दिसेल, पण फाइली जागच्या जागी असतील आणि वर सांगितलेलं सगळं तिथूनही करता येईल.

एवढं करूनही दुरुस्तीवाल्याकडे जायची वेळ आली, तर चार गोष्टी कागदावर लिहून न्या : कार्डाचा हार्डवेअर आयडी, विंडोजची आवृत्ती, ड्रायव्हरचा क्रमांक आणि नोंदवहीतली तीन उद्गारचिन्हांची ओळ. हा कागद पाहूनही तो फॉरमॅटच मारायचा म्हणत असेल, तर संगणक उचलून घरी आणा आणि दुसरा दुरुस्तीवाला शोधा.