२०० मिनिटांची वाटणी : कॉलेज बास्केटबॉलमधले नवखे आणि जुने



शाळेचा संघ स्पर्धेवरून परत आला की एक प्रश्न हमखास येतो. "सर, आमच्या मुलाला पाचच मिनिटं का खेळवलं?" विचारणाऱ्याचं काही चुकत नाही. मूल महिनाभर पहाटे उठून सरावाला गेलेलं असतं. पण सरांचीही अडचण खरी असते. १७ वर्षांखालच्या संघात आठवीतला चुणचुणीत मुलगा आणि तीन वर्षं घाम गाळलेला दहावीतला मुलगा एकाच बाकावर बसलेले असतात, आणि मैदानावर जागा पाचच.

हा प्रश्न सगळ्यात टोकाला जातो तो अमेरिकेतल्या कॉलेज बास्केटबॉलमध्ये. तिथे खेळाडूची शिष्यवृत्ती, पुढची व्यावसायिक कारकीर्द आणि कोचची नोकरी, सगळंच या मिनिटांना बांधलेलं असतं. म्हणून आज आपण तिथली उदाहरणं जरा निवांतपणे पाहू.

आधी हिशेब

पुरुषांच्या कॉलेज सामन्यात २० मिनिटांचे दोन हाफ असतात, म्हणजे एकूण ४० मिनिटं. एका वेळी पाच खेळाडू मैदानावर. ४० गुणिले ५ म्हणजे २०० मिनिटं. कोचने कितीही डोकं लढवलं तरी २०१ वं मिनिट मिळत नाही. एकाला दिलेलं मिनिट दुसऱ्याकडूनच येतं. संघात बारा-तेरा जण असतात, पण महत्त्वाच्या सामन्यात खऱ्या अर्थाने खेळतात ते सात-आठ, फार तर नऊ.

तिथे कॉलेजच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला फ्रेशमन म्हणतात, मग सोफोमोर, ज्युनिअर आणि चौथ्या वर्षाचा सीनिअर. एके काळी हा वादच नव्हता, कारण १९७२ पर्यंत नियमानेच फ्रेशमन मुख्य संघात खेळू शकत नसत. त्यांचा संघ वेगळा. या नियमाची गंमत १९६५ मध्ये दिसली. लॉस एंजेलिसच्या यूसीएलए विद्यापीठाचा मुख्य संघ सलग दोन वर्षांचा राष्ट्रीय विजेता होता. त्याला त्याच विद्यापीठाच्या फ्रेशमन संघाने ७५-६० असं हरवलं. त्या मुलांमधल्या एका उंच खेळाडूने ३१ गुण केले. त्याचं नाव ल्यू अल्सिंडर, म्हणजेच पुढचा करीम अब्दुल-जब्बार. आणि तरी नियमाप्रमाणे तो वर्षभर मुख्य संघाबाहेरच!

दुसरं वळण आलं २००६ च्या निवडीपासून. शाळेतून थेट एनबीएमध्ये जाण्याचा रस्ता बंद झाला आणि शाळा संपल्यावर एक वर्ष थांबणं भाग पडलं. त्यामुळे सर्वांत गुणी मुलं एकाच वर्षासाठी कॉलेजात येऊ लागली. आता कोचपुढे पेच असा, की ज्या मुलाला आज शिकवायचं तो पुढच्या वर्षी नसणार, आणि जो तीन वर्षं वाट पाहत थांबला त्याची जागा याला द्यायची?

इंडियानापोलिस, एप्रिल २०१५

या प्रश्नाची तीन वेगवेगळी उत्तरं एकाच गावात, एकाच आठवड्याच्या शेवटी समोरासमोर आली. राष्ट्रीय स्पर्धेच्या अंतिम चार संघांत केंटकी, विस्कॉन्सिन आणि ड्यूक होते. (चौथा संघ मिशिगन स्टेट. त्याची गोष्ट आपल्या विषयात बसत नाही.)

केंटकीचे कोच जॉन कॅलिपारी यांच्याकडे एनबीएच्या वाटेवरची इतकी मुलं होती की त्यांनी मोसमाच्या सुरुवातीला चक्क दोन पलटणी केल्या. पाच जण खेळायचे, मग पाचही जण बाहेर आणि दुसरे पाच आत. नवखे-जुने दोन्ही पलटणींत मिसळलेले. डिसेंबर २०१४ मध्ये यूसीएलएविरुद्ध पहिला हाफ संपला तेव्हा फलक होता ४१-७. त्याच महिन्यात अ‍ॅलेक्स पॉयथ्रेस या ज्युनिअर खेळाडूचा गुडघा दुखावला आणि पलटणींचं गणित हळूहळू मोडलं, पण मिनिटं वाटून घ्यायची सवय मात्र राहिली. कार्ल-अँथनी टाउन्स हा फ्रेशमन सरासरी २१ मिनिटंच खेळत होता. डेव्हिन बुकर तर ३८ सामने खेळला आणि त्यातल्या एकाही सामन्यात सुरुवातीच्या पाचांत नव्हता.

पालकहो, इथे जरा थांबा. जून २०१५ मध्ये एनबीएने खेळाडू निवडले तेव्हा टाउन्स पहिल्या क्रमांकावर गेला आणि बुकर तेराव्या. मार्च २०१७ मध्ये याच बुकरने एका एनबीए सामन्यात ७० गुण केले. बाकावरून येणारा म्हणजे दुय्यम, हा हिशेब किती कच्चा आहे ते यावरून लक्षात येतं.

पण केंटकीचं उत्तर आपल्याला उचलता येईल असं मला वाटत नाही. समान वाटणी त्यांना परवडली, कारण त्यांचा दहावा खेळाडूही इतरांच्या पहिल्याच्या तोडीचा होता. ते सलग ३८ सामने जिंकले आणि एकोणचाळिसावा हरले, विस्कॉन्सिनकडून, ७१-६४.

विस्कॉन्सिनचं उत्तर अगदी उलटं. कोच बो रायन यांच्याकडे मुलं यायची, थांबायची, शिकायची. फ्रँक कामिन्स्कीचं उदाहरण शिक्षकांनी वर्गात सांगावं असं आहे. पहिल्या वर्षी तो सामन्याला सरासरी आठ मिनिटंसुद्धा खेळला नाही, गुणांची सरासरी २ च्याही खाली. दुसऱ्या वर्षी दहा मिनिटांच्या आसपास. चौथ्या वर्षी सरासरी १८.८ गुण आणि देशातल्या सर्वोत्तम कॉलेज खेळाडूचा मान. केंटकीला हरवताना त्याने २० गुण आणि ११ रिबाउंड मिळवले. पण अशी वाट पाहणं तेव्हाच जमतं, जेव्हा त्या आठ मिनिटांच्या काळात मुलाला रोजच्या सरावात कोणीतरी मन लावून शिकवत असतं. नुसतं "थांब, तुझीही वेळ येईल" म्हणून बाकावर बसवलेला मुलगा दुसऱ्या वर्षी खेळच सोडतो. हे आपण सगळ्यांनी पाहिलेलं आहे.

क्विन कुकची जागा

तिसरं उत्तर ड्यूकचं, आणि माझ्या मते सगळ्यात शिकण्यासारखं तेच. कोच माइक शशेफ्स्की यांच्याकडे त्या वर्षी चार फ्रेशमन आले. जलील ओकाफोर, जस्टिस विन्स्लो आणि टायस जोन्स हे तिघे सुरुवातीच्या पाचांत, चौथा ग्रेसन अ‍ॅलन बाकावर. नियमित खेळणारा सीनिअर एकच, क्विन कुक. तो पॉइंट गार्ड, म्हणजे चेंडू घेऊन पुढे जाणारा आणि खेळ चालवणारा. नेमकी तीच जागा टायस जोन्सची!

आता तुम्ही कोच असता तर काय केलं असतं? जुन्याचा मान म्हणून जोन्सला बसवलं असतं, की गुणवत्ता म्हणून कुकला?

ड्यूकने दोघांनाही खेळवलं. चेंडू जोन्सच्या हातात गेला, कुक बाजूला सरकून नेमबाजाच्या भूमिकेत आला आणि कर्णधारपद त्याच्याकडेच राहिलं. म्हणजे कुकची मिनिटं कमी झाली नाहीत, त्याचं काम बदललं. तिसऱ्या वर्षी त्याच्या गुणांची सरासरी ११ च्या पुढे होती, चौथ्या वर्षी ती १५ च्या पुढे गेली.

मला इथे मुद्दाम सांगायचं आहे ते असं. नवखा आणि जुना यांचा तोल म्हटलं की आपण सगळे नवख्याचा विचार करतो: त्याला संधी कधी, किती, कुणाविरुद्ध. पण संघ टिकतो की फुटतो हे बहुतेक वेळा जुन्याबरोबरच्या बोलण्यावर ठरतं. नवख्याला मिनिटं कमी मिळाली तर त्याला पुढचं वर्ष असतं. सीनिअरला नसतं. त्याच्याकडून काढून घेतलेल्या कामाच्या बदल्यात त्याला दुसरं खरं काम द्यावं लागतं, नुसतं "तू मोठा आहेस ना, समजून घे" चालत नाही.

अंतिम सामना ६ एप्रिलला, ड्यूक विरुद्ध विस्कॉन्सिन. उत्तरार्धात ड्यूक ९ गुणांनी मागे पडला. ओकाफोर फाउलमध्ये अडकून बराच वेळ बाकावर. अशा वेळी मोसमभर सरासरी नऊ मिनिटं खेळलेला ग्रेसन अ‍ॅलन आत आला आणि त्याने ओळीने ८ गुण करून सामन्यात जीव आणला. ड्यूक ६८-६३ ने जिंकला. त्या ६८ पैकी ६० गुण चार फ्रेशमननी केले: जोन्स २३, अ‍ॅलन १६, विन्स्लो ११, ओकाफोर १०. कुकचे सहाच.

पुढच्या वर्षी तिघे एनबीएत गेले. अ‍ॅलन राहिला आणि दुसऱ्या वर्षी त्याची सरासरी २१ गुणांच्या वर गेली.

मिनिटं प्रत्यक्षात कशी दिली जातात

नवख्याला सहसा शॉट मारता येत नाही असं नसतं. तो कमी पडतो बचावात. आपला माणूस सोडून मदतीला कधी धावायचं, मागून येणाऱ्याबद्दल साथीदाराला ओरडून कधी सांगायचं, हे शाळेत त्याला लागलेलंच नसतं. तिथे तो इतरांपेक्षा उंच आणि वेगवान असल्याने चूक निभावून जायची. कॉलेजात ती फाउल होते आणि पाच फाउल झाले की खेळाडू बाहेर.

म्हणून जाणते कोच पाच नवखे एकदम मैदानात सोडत नाहीत, त्यांच्यात दोन-तीन जुने ठेवतात. अपवाद आहेतच. मिशिगन विद्यापीठाने फेब्रुवारी १९९२ मध्ये पाचही फ्रेशमन सुरुवातीला उतरवले आणि त्याच वर्षी अंतिम सामना गाठला. तो मात्र ते ड्यूककडून ७१-५१ असा हरले.

आणखी एक छोटी युक्ती. टीव्हीच्या जाहिरातींसाठी प्रत्येक हाफमध्ये १६, १२, ८ आणि ४ मिनिटं उरल्यानंतर खेळ पहिल्यांदा थांबला की विश्रांती असते. त्याच्या मिनिटभर आधी जुन्याला बाहेर घेतलं तर त्याला जोडून लांब विसावा मिळतो आणि नवख्याला कमी धोक्याचं एक मिनिट. अशी चार-पाच मिनिटं दर सामन्याला साचत जातात. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये दुबळ्या संघांविरुद्ध सढळ हाताने, जानेवारीपासून मोजून.

आता चित्र बदललंय

२०२१ पासून खेळाडूंना वर्षभर न बसता दुसऱ्या कॉलेजात जाण्याची मुभा मिळाली. कोविडच्या मोसमाचं वर्ष मोजलं गेलं नाही, त्यामुळे पाचव्या-सहाव्या वर्षाचे खेळाडू दिसू लागले. आता कोचला तयार जुना खेळाडू बाहेरून आणता येतो, मग नवख्याच्या चुका कशाला सोसायच्या? आणि बाकावर बसलेला नवखाही कामिन्स्कीसारखा थांबत नाही, निघून जातो.

एप्रिल २०२५ मध्ये उपांत्य सामन्यात तीन फ्रेशमन घेऊन उतरलेला ड्यूक ह्युस्टनविरुद्ध उत्तरार्धात १४ गुणांनी पुढे होता. शेवटच्या काही सेकंदांत १८ वर्षांच्या कूपर फ्लॅगचा फाउल झाला. दोन फ्री थ्रो घ्यायला आला तो जे'वॉन रॉबर्ट्स, सहा वर्षं ह्युस्टनमध्येच घालवलेला. दोन्ही आत. ह्युस्टन ७०-६७ ने जिंकलं.

आपल्या मैदानावर

आपल्याकडे ना शिष्यवृत्ती, ना टीव्ही. पण पाच जागा आणि बारा मुलं तीच. शिक्षकांनी एक वही ठेवावी: कोण किती मिनिटं खेळला, कुणाबरोबर खेळला आणि त्याला त्याचं कारण सांगितलं का. तिसरा रकाना बऱ्याचदा रिकामा निघतो. पालकांनीही सरांना "किती मिनिटं" याऐवजी "पुढच्या सामन्यापर्यंत त्याने काय पक्कं करावं" असं विचारून पाहावं. आणि आठवीतल्या मुलाला संघात घ्यायचं ठरलं, तर ज्याची जागा जाणार त्या दहावीतल्या मुलाशी आधी बोला. फलकावर यादी लागण्याच्या आदल्या दिवशी, एकट्याला गाठून, आणि त्याचं नवं काम काय ते ठरवून.