पिशवीवरच्या सुरकुत्या

एक प्लास्टिकची पिशवी पाण्याने पाऊण भरा, हवा काढून तोंड घट्ट बांधा आणि उभी धरा. पाणी खाली बसते, वरचा भाग सैल पडून त्यावर सुरकुत्या उमटतात. पिशवीवर ओला पंचा टाकला, तरी त्या दिसतात. गोधडी टाकली, की दिसत नाहीत.

कर्करोगामुळे स्तन काढून तेथे कृत्रिम रोपण बसवलेल्या काही स्त्रियांच्या त्वचेवर अशाच लहरी दिसतात. गुहागरच्या वाळूवरच्या लहरी वरून वाहणारे पाणी घडवते. या मात्र आतल्या आवरणाच्या घड्या असतात. शस्त्रक्रियेत स्तनातील ऊती गेलेल्या असतात. उरतो तो पंचाच. लहर दिसली म्हणजे रोग उलटला, असे नव्हे. मात्र नवी गाठ हाताला लागली, तर ती घडीच असेल असे समजून न थांबता तपासून घ्यावी.

पहिले सिलिकोन रोपण १९६२ साली अमेरिकेत ह्यूस्टनला बसवले गेले. सलाइन भरलेल्या रोपणात सुरकुत्या अधिक पडतात. घट्ट जेल ओघळत नाही, म्हणून त्यात कमी. सलाइन जास्त भरावे, तर रोपण चेंडूसारखे कडक लागते.

तेव्हा एक तर पिशवी बदलायची, नाही तर गोधडी जाड करायची. पोटाची किंवा मांडीची चरबी काढून त्वचेखाली भरतात. तिचा काही भाग शरीर शोषून घेते, त्यामुळे हे कधी पुन्हा करावे लागते. रोपण छातीच्या स्नायूखाली नेले, तर वरचा भाग झाकला जातो, खालची बाहेरची कड बहुधा उघडीच राहते. त्रास नसेल, तर काहीच न करणे हाही पर्याय असतो.