यंदा ओटा तुमच्या ताब्यात!

आई-बाबांच्या लग्नाचा पंचविसावा वाढदिवस जवळ आलाय? केक, स्टेटस, फोटोंचं कोलाज हे सगळं तुम्ही करालच. पण जरा आठवून बघा, गेल्या वर्षी त्या दिवशी श्रीखंड-पुरीचा घाट कोणी घातला होता? आईनेच ना! वाढदिवस दोघांचा, घाम मात्र एकीचाच.

यंदा स्वयंपाक तुम्ही करा. मेन्यू छोटाच ठेवा. पापलेट फ्राय (शाकाहारी असाल तर भरली वांगी), मसालेभात आणि विकतची बासुंदी. पापलेटला दुपारीच हळद, तिखट, मीठ, आगळ लावून ठेवा. ऐनवेळी रव्यात घोळवून तळायचं, बस्स!

आई-बाबा वाइन घेत असतील तर नाशिकची शेनिन ब्लाँ बघा. किंचित गोडसर असली की तिखटाशी छान जमते; तुरट रेड वाइनने तिखट आणखी झोंबतं. बाटली दोन-तीन तास फ्रिजमध्ये हवी. खरेदीला वयाची अट आहे, तेव्हा ते काम काकावर सोपवा. तुमच्या ग्लासात सोलकढी!

आणि हो, जेवणं झाल्यावर भांडी सिंकमध्ये टाकून पळू नका. नाहीतर रात्री अकराला आई पुन्हा ओट्यापाशीच दिसेल.